राउटर कोणावर विश्वास ठेवतो?

कार्यालयातला प्रिंटर बिघडला म्हणून नवा आणला आणि त्याला जुन्याचाच आयपी पत्ता दिला. आमच्या खोलीतून प्रिंट निघत होती, वरच्या मजल्यावरून काही केल्या निघेना. केबल बदलून झाली, ड्रायव्हर टाकून झाले. जेवणानंतर प्रिंटर आपोआप चालू लागला!

दोन्ही मजल्यांच्या मध्ये राउटर होता आणि त्याच्या लक्षात अजून जुनाच प्रिंटर होता. आयपी पत्ता आपण देतो, हवा तेव्हा बदलतो. पण शेवटच्या टप्प्यात माहिती पोचते ती मॅक पत्त्यावर. हा ४८ बिटांचा क्रमांक कारखान्यातूनच यंत्रासोबत येतो. कोणता आयपी कोणत्या मॅककडे, हे कळायला राउटर सगळ्या जाळ्यात हाळी देतो: ‘१९२.१६८.१.२० कोणाकडे आहे?’ ज्याचा असेल तो ‘माझ्याकडे’ म्हणतो आणि राउटर ते टिपून ठेवतो. या पद्धतीचं नाव एआरपी. डेव्हिड प्लमर यांनी ती नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ या टिपणात मांडली.

राउटरने टिपलेली नोंद किती वेळ खरी मानायची, हे आपण ठरवायचं. सिस्कोच्या राउटरांत मूळ मुदत १४,४०० सेकंदांची, म्हणजे चार तासांची असते. ती फार कमी केली तर हाळ्या वाढतात. प्रिंटर बदलल्यावर जुनी नोंद तेवढी पुसली असती तरी भागलं असतं. आम्हाला ते सुचलं नाही.

एआरपीतली आणखी एक सोय म्हणजे प्रॉक्सी एआरपी. यात राउटर दुसऱ्याच्या वतीने ‘माझ्याकडे द्या’ म्हणतो, सोसायटीचा वॉचमन पार्सल घेतो तसा. सोयीचं खरं, पण चुकीचा सबनेट मास्क (आपलं जाळं कुठवर, हे सांगणारा आकडा) घातलेलं यंत्रही त्यामुळे चालत राहतं आणि चूक महिनोन्महिने झाकलेली राहते. गरज नसेल तिथे मी ती बंदच ठेवीन.

खरी गोम वेगळीच आहे. उत्तर देणारा खरा की तोतया, हे एआरपी तपासतच नाही. न विचारताही कोणी ‘गेटवे, म्हणजे बाहेर नेणारा राउटर, मीच’ म्हणालं, तर बरीच यंत्रं मान डोलावतात. मग तुमची माहिती त्याच्या हातून जाते. म्हणून चांगल्या स्विचमध्ये एआरपी तपासणी असते: आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीने कोणाला कोणता पत्ता दिला, त्या यादीशी न जुळणारं उत्तर तिथेच टाकून दिलं जातं. महत्त्वाच्या यंत्रांची नोंद हाताने कायमची करूनही ठेवता येते.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर इंग्रजी अक्षरांत ‘एआरपी’, मग एक मोकळी जागा, उणे चिन्ह आणि लगेच ‘ए’ टाइप करा; तुमच्या संगणकाने टिपलेल्या नोंदी दिसतील. गेटवेच्या आयपीसमोरचा मॅक पत्ता आजच लिहून ठेवा. राउटर न बदलता तो बदललेला दिसला, तर बँकेचं काम थांबवा आणि नेटवर्क सांभाळणाऱ्याला बोलवा.