ताटली वाजवून कान कळत नाहीत

आपल्या हैदराबादेतल्या मराठी घरांत एक वाक्य आम्ही नेहमी ऐकतो : "घरात मराठी, गल्लीत तेलुगू, टीव्हीवर हिंदी, बाळ गोंधळतं, म्हणून बोलत नाही." दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे अडत नाही. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नसेल, तर भाषांना दोष देण्याआधी कान तपासावेत.

घरची परीक्षा ठरलेली. मागे उभे राहून ताटली वाजवायची. बाळ वळले की आजी निश्चिंत. पण ताटलीचा आवाज इतका मोठा असतो, की बऱ्यापैकी कमी ऐकणारे मूलही वळते. कधी त्याला सावली दिसते. 'स', 'श'सारखे बारीक आवाज मात्र त्याच्यापर्यंत पोहोचतच नसतात. शिवाय ऐकू न येणारे बाळही सुरुवातीचे काही महिने हुंकार देते, तिथे सगळेच फसतात.

पहिली खरी तपासणी 'ओएई'. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला शंखाकार भाग ठीक असेल, तर तो स्वतःच अतिसूक्ष्म आवाज परत पाठवतो आणि यंत्र तो टिपते. काही मिनिटांचे काम. यात पास न होणे म्हणजे बहिरेपण नव्हे. जन्माच्या वेळचा द्रव कानात असला तरी असे होते. म्हणून ती पुन्हा करतात. तरी शंका उरली तर 'बेरा' : डोक्याला आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवून आवाज नसेतून मेंदूकडे जातो का, हे पाहतात. दुखत नाही.

अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा काविळीमुळे रक्त बदलावे लागलेल्या बाळाची 'बेरा' करायलाच हवी. नसेतला दोष 'ओएई'ला दिसत नाही.

पहिली तपासणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि श्रवणयंत्रासारखे उपाय सहा महिन्यांपर्यंत, असे वेळापत्रक डॉक्टर मानतात. जन्मावेळी पास झालेल्या बाळालाही पुढे मेंदूज्वर झाला तर पुन्हा तपासावे.

सिकंदराबादला मनोविकासनगरात अली यावर जंग संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. जाताना जन्माच्या वेळची फाईल न्या. आणि बाळाला रिक्षात झोपू देऊ नका. 'बेरा'च्या वेळी ती झोप लागते.