सॉफ्टवेअर कोठे बसवावे?

नई सडकेवर माझ्याकडे येणारे लेखक आणि विद्यार्थी एक तक्रार हमखास सांगतात: जुन्या शब्दकोशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण भरलेले शब्द कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. दोष बहुधा जागेचा असतो.

विंडोजमधील ‘प्रोग्राम फाइल्स’ हा फोल्डर संगणकावरील सर्व खात्यांचा सामाईक आहे. तेथे बदल करण्यास प्रशासकाची परवानगी लागते. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून, जुन्या प्रोग्रामने परवानगीविना तेथे लिहू पाहिले, तर विंडोज ती फाइल गुपचूप त्या खात्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरात ठेवते. तोच प्रोग्राम प्रशासक म्हणून उघडला, की मूळ जागेची फाइल वाचली जाते. दुसऱ्या खात्यातूनही ते शब्द दिसत नाहीत. म्हणून पुन्हा टंकलेखन करण्याआधी तो फोल्डर पाहावा.

रोज प्रशासक म्हणून उघडणे हा उपाय नव्हे. त्याने प्रोग्रामला साऱ्या संगणकावर अधिकार मिळतो. असे सॉफ्टवेअर आपल्या खात्याच्या फोल्डरातच बसवावे. महाविद्यालयाच्या सामाईक संगणकावर मात्र प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये ठेवून, सोय असल्यास, शब्दसंग्रह ज्याच्या त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये साठवावा. प्रोग्राम पुन्हा बसवता येतो. वर्षानुवर्षे जमवलेले शब्द येत नाहीत.