सही बाईचीच

१९३८ साली बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या आज्यांना सांगितले, जास्त लेकरे होऊ देऊ नका.

आम्ही नर्स म्हणून रामटेकच्या वस्त्यांत फिरलो. आईच्या पिढीत ऑपरेशन बाईचेच, तेही सासू ‘हो’ म्हणाल्यावर. आज लेकी हळूच विचारतात, “सिस्टर, गर्भपाताला नवऱ्याची सही लागते का?”

नाही. १९७१ च्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते. मात्र मान्यताप्राप्त दवाखान्यातच जा, उशीर करू नका.

बायांनो, हे सुनेलाही सांगा. जय भीम!