चुंबकाचा लगाम

काळ्या रस्त्यात एक खाच, खाचेच्या दोन्ही अंगांस वीज वाहणाऱ्या पोलादी पट्ट्या, गाडीच्या नाकाखाली त्या खाचेत उतरणारी एक जीभ आणि खेळणाराच्या हाती वेगाची कळ. मुलांच्या या खेळास इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने बाजार दाखविला. आम्हां ग्वाल्हेरकरांस विजेच्या चिमुकल्या गाडीचे अप्रूप ते काय! जयविलासातील मेजवानीच्या मेजावरची चांदीची आगगाडी आपण पाहिलेली आहेच. पण ती संथ, गृहस्थी चालीची. ही मोटारगाडी वळणावर जरा चेकाळली की थेट खुर्चीखाली.

म्हणून पुढे गाडीच्या पोटात लोहचुंबक आले. ते पोलादी पट्ट्यांस ओढून धरते आणि गाडी रस्त्याला बिलगते. अमेरिकेतील अरोरा कंपनीने ही युक्ती १९७० नंतरच्या दशकात आपल्या लहान गाड्यांत आणली. १९८० नंतर नियोडिमियमची जबर चुंबके निघाली, तेव्हा तर कळ पूर्ण दाबूनही वळण पार होऊ लागले.

आमच्या घरात तंटा झाला तो येथेच. नातवाच्या गाडीत असले जबर चुंबक, नातीच्या गाडीत साधे. ती आठ वर्षांची पोर दर वेळी हरे. शेवटी तिने कळ खाली ठेवली आणि “आबा, मला नाही खेळायचं,” म्हणून निघून गेली.

मी रस्त्याचा एक तुकडा उलटा धरून दोन्ही गाड्या लावून पाहिल्या. नातवाची वटवाघळासारखी लटकून राहिली. म्हणजे चुंबकाची ओढ गाडीच्या वजनाहून अधिक. नातीची टपकन हातात पडली.

चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते, ही यातली किल्ली. चुंबक जाड कागदाच्या घडीएवढे जरी वर उचलले तरी फरक कळतो. मागचे रबरी टायर झिजले की गाडी खाली बसते आणि ओढ आपोआप वाढते; तेव्हा आधी टायर पाहावेत, मग स्क्रू-ड्रायव्हर उचलावा. चुंबकाची जागाही महत्त्वाची. मागच्या आसाजवळ ते शेपूट घट्ट धरते. मध्याकडे सरकविले की शेपूट घसरू लागते.

फार ओढ मला तरी आवडत नाही. मोटरीवर भार पडतो, ती तापते, सरळ रस्त्यावर गाडी मंदावते. शिवाय अशी गाडी सुटते ती पूर्वसूचनेवाचून. शेपूट पट्ट्यांवरून सरकले की चुंबकाची पकड एकदम जाते. बिनचुंबकाची गाडी आधी घसरून सांगते, “कळ सोड.”

मी नातवाच्या गाडीत पुठ्ठ्याचे दोन थर घालून चुंबक वर घेतले. उलट्या रस्त्यावरून तीही पडू लागली, तेव्हा थांबलो. पठ्ठ्या दोन दिवस कुरकुरला, “आबा, ही वळणावर नाचते!” नातीला मात्र जुनी सवय, वळणाआधी कळ सोडणे तिला केव्हाच साधले होते. रविवारच्या दहा फेऱ्यांत ती सहा जिंकली.

आता नातवाने आपले चुंबक अजिबात काढून द्या म्हणून हट्ट धरला आहे. मागच्या आसापुढे थोडे शिसे चिकटवावे लागेल.