माशांनाही उन्हाळा लागतो!

मैत्रिणींनो, जळगाव-अकोल्याकडे पारा ४२ अंशांवर गेला, की फिशटँकचं पाणीही तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे सारखे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर समजा, जीव गुदमरतोय!

मग लगेच चिलर घ्यायचा? आधी थर्मामीटर लावा. गप्पी, मॉलींना २८ अंशांपर्यंत चालतं. गोल्डफिशला मात्र गारवाच हवा. झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्यावर छोटा पंखा सोडा. कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. पाणी आटतं, तेवढी भर घाला. कोकणातल्या दमट हवेत मात्र हा उपाय तोकडा पडतो.

चिलर घ्यायचाच, तर टाकीत किती लिटर पाणी मावतं, ते मोजूनच घ्या. तो गरम हवा बाहेर फेकतो, म्हणून कपाटात कोंडू नका. आणि हो, वीज गेली की चिलरही बंद! बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असू द्या.