अटकेची बातमी मोठी, सुटकेची कुठे?

८ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधील टॉटनहॅम फुटबॉल संघाचे मॅनेजर हॅरी रेडनॅप करचुकवेगिरीच्या खटल्यातून निर्दोष सुटले. त्याच दिवशी राष्ट्रीय संघाचे मॅनेजरपद रिकामे झाले आणि तिथल्या वृत्तपत्रांनी रेडनॅप यांचेच नाव पुढे केले. निर्दोष सुटला, म्हणजे डाग पुसला गेला!

आता आपल्या गडचिरोलीकडे या. पांडू नरोटे या आदिवासी तरुणाला २०१३ मध्ये अटक झाली. प्रा. साईबाबांसोबत त्यालाही ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोली सत्र न्यायालयाने जन्मठेप ठोठावली. ऑगस्ट २०२२ मध्ये तो कैदेतच मरण पावला. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती शिक्षाच रद्द केली. सरकार पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही, असे सांगितले. ते ऐकायला पांडू नव्हता.

जंगलातल्या माणसाला ‘नक्षलवादी’ ठरवायला बातमीदारांना निकालाची गरज का वाटत नाही? ज्यांची बाजू कोणी छापत नव्हते, त्यांच्यासाठीच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना आमचे सांगणे आहे : अटकेची बातमी जपून ठेवा. सुटकेची बातमी त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत आली नाही, तर संपादकाला जाब विचारा!