चुन्याची भिंत, सिमेंटचे ठिगळ

जुना वाडा पाडला जातो तेव्हा निदान हळहळ तरी व्यक्त होते. दुरुस्तीच्या नावाखाली त्याच्या भिंती खरवडून त्यांवर सिमेंट थापले जाते, तेव्हा मात्र काही गमावल्याची जाणीव कोणासच होत नाही. उलट घर मजबूत झाले, अशी मालकाची समजूत होते. ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे.

चुन्याचा गिलावा हे मोठ्या सबुरीचे काम. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन चुनकळी उरते. ती पाण्यात विरवून, वाळू घालून बैलाच्या घाणीवर दळली जाई; तीत गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा मिसळला जाई. भिंतीवर चढल्यावर हा चुना हवेतील तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि सावकाश दगडाच्या जातीचा होतो. थर पातळ द्यावयाचे आणि घाई करावयाची नाही, हा गवंड्याचा नेम त्यातूनच आला. जयपूर आणि शेखावाटीकडे या कलेला ‘आराइश’ म्हणतात. संगमरवराची पूड घातलेल्या शेवटच्या थरात तो ओला असतानाच रंग भरावयाचे, थापीने ठोकावयाचे आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटावयाचे. तेथे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीत मुरतो. आपल्याकडे वाईचा मोतीबाग वाडा आणि मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा येथील चित्रांनाही आधार आहे तो चुन्याच्या गिलाव्याचाच.

जुन्या दगडविटांच्या भिंतींत जमिनीची ओल वर चढतच असते. चुन्याचा गिलावा सच्छिद्र असल्याने ती बाहेर पडून सुकून जाते. सिमेंटचा घट्ट थर तिची वाट अडवतो. मग ओल आतल्या आत वर सरकते, तिच्याबरोबर आलेले क्षार थराच्या पाठीमागे साठून स्फटिकरूप होतात आणि दोनचार पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटू लागतात. जेथे पूर्वी ओल दिसतही नव्हती, अशा उंचीवर लोणा धरतो. दोष मात्र जुन्या बांधकामाच्या माथी मारला जातो आणि त्यावर उपाय म्हणून आणखी सिमेंट आणले जाते!

सिमेंट हा काही खलपुरुष नव्हे. इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आपल्याकडे १९१४ मध्ये पोरबंदरला त्याचा कारखाना निघाला, आणि धरणे, पूल, वसाहती त्याच्यावाचून उभ्या राहिल्या नसत्या. प्रश्न आहे तो नव्या काँक्रीटचे शास्त्र जुन्या मातीच्या भिंतीस लावण्याचा. गंमत अशी की, ज्या शहरांत वाड्यांचा चुना खरवडला जातो, तेथीलच धनिकांच्या दिवाणखान्यांत घोटीव चुन्याची भिंत हल्ली पुन्हा हौसेने करून घेतली जाते.

चुना महाग पडतो, वेळ घेतो, ही मालकाची अडचण खोटी नाही. पण संपूर्ण भिंत सोलण्याची गरज क्वचितच असते. बोटाच्या पेराने ठोकून पाहिले असता जेथे पोकळ आवाज येतो, तेवढाच भाग काढून तेथे चुनाच भरावा. पांढऱ्या सफेतीखाली रंग दिसला तर हात आवरता घ्यावा. सार्वजनिक पैशाने दुरुस्त होणाऱ्या वाड्यांच्या निविदांत ही अट घालण्यास नवा कायदा लागत नाही. ती पाळून घेणारा गवंडी मिळाला पाहिजे. आणि घाणीवरचा चुना हाताळलेली माणसे आता थोडीच उरली आहेत.